मनीप्लांटची पानं पुन्हा पुन्हा पिवळी पडतात? आधी मुळं बघा

घरातल्या मनीप्लांटची तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने येते. बुंध्याजवळची दोन-तीन पानं पिवळी होतात. पाणी जास्त झालं असेल म्हणून आठवडाभर पाणी बंद. मग वेल मलूल दिसते म्हणून पाणी पुन्हा सुरू, सोबत चमचाभर खत. पंधरा दिवस बरे जातात, एखादं नवं पान उलगडतं आणि पुन्हा बुंध्याकडची पानं पिवळी, या वेळी चार-पाच. वर्षभरात सहा फूट उघडी वेल आणि टोकाला पाच पानं उरतात.

पाण्याचे वार बदलून हे चक्र तुटत नाही, कारण मूळ दोष बहुधा कुंडीतल्या मातीत असतो. माती वरून कोरडी दिसते आणि मधला गोळा मात्र ओलाच असतो. तिथं मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं रोपही तहानल्यासारखं मान टाकतं. ते बघून आपण आणखी पाणी घालतो. आज पिवळं दिसणारं पान दोन-तीन आठवड्यांपूर्वी मुळांना काय झालं ते सांगत असतं, आणि म्हणून आज केलेला बदल लागू पडला की नाही हे उद्या-परवा कळत नाही. दर चार दिवसांनी नवा उपाय केला तर कशाचा काय परिणाम झाला याचा पत्ताच लागत नाही.

ही वेल मूळची फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरची. शास्त्रीय नाव एपिप्रेमनम ऑरियम, कुळ अळू-सुरणाचं. निसर्गात ती झाडाच्या खोडाला धरून वर चढते आणि तिची मुळं साल, शेवाळ, कुजलेला पालापाचोळा अशा भुसभुशीत जागी पसरतात. कोकणात एखाद्या आंब्यावर किंवा माडावर चढलेला मनीप्लांट पाहिला असेल तर त्याची हातभर, फाटलेल्या कडांची पानं आठवतील. तिथं धो धो पाऊस पडतो तरी मुळं कुजत नाहीत, कारण पाणी थांबत नाही, वाहून जातं. घरात आपल्याला हीच व्यवस्था कुंडीत करायची आहे.

कोणतं पान पिवळं, कसं पिवळं

कुंडी उपसण्याआधी दोन मिनिटं पानं नीट बघा. महिना-दीड महिन्यातून एकदा, अगदी बुंध्याजवळचं एकच जुनं पान पिवळं होऊन गळत असेल आणि शेंड्याला नवी पानं येत असतील तर काहीही करू नका. ते वयाने गेलेलं पान आहे.

एकाच वेळी तीन किंवा जास्त पानं, बुंध्याकडून सुरुवात, पान मऊ आणि ओलसर, देठ हलक्या ओढीने सुटतोय: हे मुळांचं दुखणं. या लेखाचा मोठा भाग त्याच्यावरच आहे.

कडा तपकिरी, कुरकुरीत, पान आतल्या बाजूला वळलेलं आणि कुंडी उचलली तर हलकी लागते, तिथं खरोखरच पाणी कमी पडलंय. फक्त टोकं तपकिरी आणि त्यालगत पिवळी किनार असेल तर क्षारांचा संशय घ्या. नवीन पानं फिकट पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह मिळत नाही. बोअरच्या जड पाण्यावर वाढवलेल्या रोपांत हे हमखास दिसतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (रोपाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) मिळतं, ते अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. 

गडद तपकिरी किंवा काळे ठिपके, भोवती पिवळं कडं आणि डाग दोन-तीन दिवसांत मोठा होतोय, हा बुरशीचा किंवा जिवाणूंचा डाग. ती पानं देठासकट कापून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका, आणि पानांवर पाणी शिंपडणं बंद करा. खिडकीकडच्या बाजूच्याच पानांवर पांढरट भुरे, कागदासारखे कोरडे चट्टे आले असतील तर ते उन्हाने भाजलंय.

पूर्ण पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही. ते कापलं तरी रोपाचं काही बिघडत नाही. आणि सोनेरी पट्ट्यांना रोग समजू नका. बाजारात ‘निऑन’ म्हणून मिळणाऱ्या जातीचं पान तर सगळंच पिवळसर पोपटी असतं.

कुंडीतून काढून बघा

बरेच जण इथं कचरतात. मुळांना धक्का लागेल ही भीती असते, पण मनीप्लांट हे सहन करणारं रोप आहे. कुजकी मुळं आत ठेवून महिने काढण्यापेक्षा एकदा उपसणं केव्हाही सुरक्षित.

माती किंचित ओली असताना हे करा. गच्च ओल्या मातीत मुळं तुटतात. जुनी वर्तमानपत्रं पसरा, वेल एका हाताने बुंध्याशी धरा, कुंडी आडवी करून चहूबाजूंनी दाबा किंवा थापटा आणि गोळा सरकवून बाहेर काढा. वेल ओढून काढू नका.

आता वास घ्या. निरोगी मातीला पहिल्या पावसाचा वास येतो, कुजलेल्या मुळांना गटारासारखा. मग मुळं बोटांनी तपासा. चांगलं मूळ पांढरं किंवा सायीच्या रंगाचं, टणक. जुनी मुळं फिकट तपकिरी असली तरी टणक असतील तर ती चांगलीच आहेत, रंगावरून कापू नका. शंका असेल ते मूळ अंगठा आणि तर्जनीत हलकं धरून खाली ओढा. कुजलेल्या मुळाची साल बुळबुळीत होऊन बोटात येते आणि आत केसाएवढा नागडा धागा उरतो. हा धागा दिसला की निदान पक्कं झालं.

गोळ्याच्या मधोमध बघायला विसरू नका. नर्सरीतून आणलेल्या बहुतेक रोपांभोवती चिकट लाल मातीचा किंवा पोयट्याचा गोळा असतो. वाहतुकीत तो फुटत नाही, म्हणून नर्सरीसाठी तो सोयीचा. आपण घरी आणून त्या गोळ्यासकट रोप नव्या मिश्रणात बसवतो. मग बाहेरचं मिश्रण दोन दिवसांत वाळतं, आतला गोळा आठ दिवस ओला राहतो. आणि एकदा का तो कडक वाळला की पाणी त्याच्या बाजूने वाहून जातं, आत शिरतच नाही. बोट घालून ओल तपासली तरी बोट बाहेरच्या मिश्रणात जातं, गोळ्यात नाही. पुन्हा पुन्हा होणाऱ्या पिवळेपणाचं हे सर्वांत जास्त आढळणारं आणि सर्वांत कमी तपासलं जाणारं कारण आहे.

तो गोळा काढायचाच. बादलीभर साध्या पाण्यात गोळा 20 ते 30 मिनिटं बुडवून ठेवा, मग पाण्यातच हलकं हलवत माती सोडवा. अगदी मुळांच्या गुंत्यात बसलेली थोडी माती राहिली तर राहू द्या. मऊ, काळी, साल सुटणारी मुळं कात्रीने टणक भागापर्यंत कापा. कात्री आधी आणि मध्ये मध्ये स्पिरिटने पुसा. अर्ध्याहून जास्त मुळं कापावी लागली तर वेलही तेवढीच छाटा, कारण उरलेली मुळं सगळ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. छाटलेले तुकडे फेकू नका, ते पुढे लागतील.

कापून उरलेली मुळं रोपासकट सावलीत अर्धा-पाऊण तास सुकू द्या. तेवढ्यात जुनी कुंडी साबणाने घासून धुवा. जुनी माती बाल्कनीतल्या दुसऱ्या रोपाला घालू नका.

मिश्रण आणि कुंडी

सहा इंची कुंडीत साधारण दोन लिटर मिश्रण बसतं. घरातल्या मनीप्लांटला जमणारं प्रमाण असं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे), एक भाग जाडसर तुकडे (लाकडी कोळसा, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे) आणि एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत. सोबत दोन चमचे निंबोळी पेंड. परलाइट महाग वाटत असेल तर अर्धवट जाळलेलं भाताचं तूस वापरा. कच्चं तूस नको, ते कुजताना नत्र ओढून घेतं आणि पानं आणखी फिकट होतात.

कोकोपीटची वीट भिजवून थेट वापरणं ही नेहमीची चूक. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. वीट बादलीत भिजवून फुलली की ते तपकिरी पाणी फेकून द्या, आणखी दोनदा पाणी बदला, मग घट्ट पिळून घ्या. मुठीत दाबल्यावर थेंब पडू नयेत, पण मूठ उघडल्यावर गोळा टिकावा, एवढी ओल पुरे.

लाल माती घालायचीच असेल तर पाचात एक भागाच्या वर नको. आणि चिकट माती मोकळी व्हावी म्हणून बांधकामाची बारीक वाळू मिसळू नका. ती मातीच्या कणांमध्ये घट्ट बसते आणि कुंडी आणखी दगड होते.

तळाला खडीचा थर घालायची पद्धत घरोघरी आहे. निचरा व्हावा म्हणून तो घालतात, आणि होतं नेमकं उलट. बारीक मिश्रणातून जाड खडीत पाणी सहजासहजी उतरत नाही. वरचा थर पूर्ण भिजेपर्यंत ते त्या सीमेवरच अडून राहतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी असणारी ओल दोन इंच वर, मुळांच्या आणखी जवळ येते. भोकातून माती जाऊ नये एवढ्यासाठी एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरतो.

कुंडी मुळांच्या मानाने घ्या, वेलीच्या लांबीच्या मानाने नाही. उरलेल्या मुळांच्या झुपक्याभोवती चारी बाजूंना एकेक इंच जागा राहील एवढीच. दहा फूट वेल पण मूठभर मुळं असतील तर तिला चार इंची कुंडी. मोठ्या कुंडीत जिथं मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी कुणी पीत नाही, ते तसंच साचून राहतं. तळाला किमान तीन-चार भोकं हवीत. प्लास्टिकची कुंडी सपाट ताटलीत ठेवली की भोकं झाकली जातात, तेव्हा खाली तीन लहान खडे किंवा टाइलचे तुकडे द्या. सिरॅमिकची बिनभोकाची शोभेची कुंडी फक्त बाहेरून घालायची. पाणी घातल्यावर आतली कुंडी उचलून साचलेलं पाणी ओतून टाका.

रोप बसवताना बुंधा पूर्वी होता तेवढाच खोल ठेवा. मिश्रण दाबून ठासू नका, कुंडी दोन-तीनदा आपटून बसवा. एकदा खालून वाहेपर्यंत पाणी द्या आणि मग वरचा इंच-दीड इंच कोरडा होईपर्यंत थांबा. दहा दिवस थेट ऊन नको, चार आठवडे खत नको. हवं तर कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्मा आणून एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम या प्रमाणात एकदा मुळाशी घाला. ही उपयुक्त बुरशी मुळं कुजवणाऱ्या बुरशींना मागे रेटते. त्याच वेळी रासायनिक बुरशीनाशक घालू नका, ट्रायकोडर्माचा खर्च वाया जाईल.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन-तीन पानं पिवळी होतील. याला घाबरून लगेच दुसरा उपाय सुरू करू नका, ते जुन्या कुजण्याचंच येणं आहे. चार ते सहा आठवड्यांत शेंड्याला गुंडाळलेलं नवं पान दिसलं की मुळं लागली.

कुजलेलं मूळ सापडलं तर ऋतू बघत बसू नका. नुसती कुंडी बदलायची असेल तर फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळ्याची सुरुवात चांगली. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावलेली असते, मुळं उशिरा धरतात.

पाणी: वार नको, वजन बघा

‘दर तीन दिवसांनी पाणी’ हा नियम एप्रिलमध्ये बरोबर ठरतो आणि जुलैत रोप मारतो. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कुंडी घरात असली तरी हवा दमट, प्रकाश कमी आणि बाष्पीभवन जवळजवळ बंद असतं. पिवळ्या पानांच्या सर्वांत जास्त तक्रारी जुलै-ऑगस्टमध्ये येतात त्या यामुळेच. उलट मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे 43-44 अंशांत, कूलर लावलेल्या खोलीतही, तीच कुंडी तीन दिवसांत कोरडी होते.

वर सांगितलेल्या मिश्रणात, सहा इंची कुंडीत, पूर्वेच्या खिडकीजवळ साधारण अंतर असं पडतं: उन्हाळ्यात तीन ते पाच दिवस, पावसाळ्यात आठ ते बारा, थंडीत सात ते दहा. पण हे फक्त अंदाज. खरी खूण वजन. पाणी घालून निथळल्यावर कुंडी एकदा उचलून बघा, ते वजन हाताला लक्षात ठेवू द्या. जवळपास निम्मी हलकी लागली की पाणी. जड कुंडी असेल तर बांबूची काडी बुंध्याजवळ तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवा. काढल्यावर काडीचा खालचा भाग काळपट ओला आणि त्याला कण चिकटलेले असतील तर थांबा.

पाणी घालायचं ते भरपूर, खालून वाहेपर्यंत, आणि ताटलीतलं अर्ध्या तासात ओतून टाकायचं. रोज अर्धा कप घालणं ही काळजी वाटते, पण त्याने वरचा थर सतत ओला राहतो, तळाची मुळं उपाशी राहतात आणि क्षार साठत जातात. सकाळी पानाच्या टोकाला स्वच्छ थेंब लटकलेला दिसला तर तो रोग नव्हे. मुळांत पाणी पुरेसं आहे आणि रात्री बाष्पीभवन कमी झालं, म्हणून जास्तीचं पाणी टोकातून बाहेर येतं. त्या दिवशी पाणी घालू नका, एवढाच त्याचा अर्थ.

कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं. अशा वेळी कुंडी पाण्याच्या टबात अर्ध्या उंचीपर्यंत 30 मिनिटं ठेवा, मग निथळू द्या.

आरओ फिल्टरचं फेकाऊ पाणी साठवून झाडांना घालणारी घरं खूप आहेत. पाणी वाचवण्याची भावना चांगली, पण ते पाणी मनीप्लांटला घालू नका. फिल्टरने काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. त्याने फरशी पुसा, टॉयलेटमध्ये वापरा. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर वरचा अर्धा इंच खरवडून काढा आणि कुंडी बाथरूममध्ये नेऊन तिच्या आकाराच्या दुप्पट पाणी, म्हणजे सहा इंचीला चारेक लिटर, हळूहळू ओतून जाऊ द्या. बोअरच्या पाण्यावर असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी हे करा. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्षार कमी होत नाहीत.

उजेड

‘मनीप्लांटला उजेड लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. अंधारात तो मरत नाही इतकंच. वाढही होत नाही. आणि वाढत नसलेलं रोप पाणी पीत नाही, म्हणून माती ओली राहते आणि गाडी पुन्हा कुजण्यावर येते. म्हणजे कोपऱ्यातल्या मनीप्लांटचा पिवळेपणा पाण्याचा वाटला तरी सुरुवात उजेडापासून झालेली असते. पानांवरचे सोनेरी पट्टे कमी होत जाऊन नवी पानं लहान आणि नुसती हिरवी येऊ लागली, दोन पानांतलं अंतर चार बोटांवरून वीतभर झालं, तर जागा बदला.

वास्तूप्रमाणे आग्नेय कोपऱ्यात ठेवायचा असतो म्हणून तो कपाटामागे उभा केलेला दिसतो. आग्नेयेलाच ठेवायचा तर ठेवा, पण त्या बाजूच्या खिडकीजवळ. खिडकीपासून दोन ते पाच फूट, दुपारी कागदावर हाताची पुसट पण ओळखता येईल अशी सावली पडेल इतका उजेड हवा. पूर्वेचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते मे पानं भाजतात, पांढरा पडदा लावा. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन आत तिरकं येतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने फारसं येत नाही. कुंडी ऋतूप्रमाणे थोडी सरकवा. उजेड नसलेल्या ऑफिसात 20 वॅटची एलईडी पट्टी रोपाच्या फूट-दीड फूट वर रोज दहा-बारा तास लावली तरी भागतं.

लंडन, टोरांटोसारख्या ठिकाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कुंडी दक्षिणेच्या खिडकीच्या फूटभर अंतरात आणा, पण हीटरच्या वर नको, आणि पाणी दोन-तीन आठवड्यांवर न्या. गार काचेला पानं टेकू देऊ नका.

खत, आणि स्वयंपाकघरातलं काय घालू नये

मार्च ते ऑक्टोबर दर तीन-चार आठवड्यांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, म्हणजे चहाचा पाव चमचा, आणि तेही माती ओली असताना. कोरड्या मातीत खताचं पाणी घातलं तर मुळं करपतात. खत हे वाढणाऱ्या रोपाचं अन्न आहे, आजारी रोपाचं औषध नाही; पानं पिवळी दिसली की युरिया टाकणं हा रोप लवकर घालवण्याचा मार्ग.

दूध-साखरेसह उकळलेल्या चहाचा चोथा, ताक, तांदळाचं पाणी हे बागेतल्या जमिनीत खपून जातं. घरातल्या सहा इंची कुंडीत ते आंबतं, पांढरी बुरशी धरते आणि बारीक काळी चिलटं होतात. त्यांच्या अळ्या वरच्या इंच-दोन इंच ओल्या मातीत राहतात आणि कोवळी मुळंही खातात. उपाय सोपा: वरचे दोन इंच पूर्ण वाळू द्या, पिवळे चिकट सापळे कुंडीत खोचा, तीन-चार आठवडे शिस्त पाळा.

किडींबद्दल थोडक्यात. पानाच्या बगलेत कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण; कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा. उन्हाळ्यात किंवा एसीच्या कोरड्या हवेत पानावर असंख्य फिकट टिपके आणि मागे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. रोप बाथरूममध्ये नेऊन पानांची मागची बाजू पाण्याच्या धारेने धुवा. दोन्हींवर नंतर लिटरभर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि दोन मिलि सौम्य भांड्यांचा साबण, संध्याकाळी, दर सात दिवसांनी तीन वेळा. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून तीन वेळा.

बाटलीतल्या मनीप्लांटची पानं पिवळी झाली तर

इथं कारण बहुतेक वेळा उपासमार. नळाच्या पाण्यात नत्र जवळपास नसतंच. दर आठ-दहा दिवसांनी सगळं पाणी बदला आणि महिन्यातून एकदा वरच्याच खताचा चौथा हिस्सा, लिटरला पाव ग्रॅम, घाला. मुळांचा वरचा एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर राहू द्या. पारदर्शक बाटलीत शेवाळ धरतं, तेव्हा रंगीत किंवा कागद गुंडाळलेली बाटली घ्या. पाण्याखालचं प्रत्येक पान आधीच काढून टाका, ते कुजून सगळं पाणी नासवतं. वर्षभर पाण्यात वाढलेली वेल एकदम मातीत लावू नका. तिची मुळं पाण्याला सरावलेली असतात आणि मातीत बरीचशी मरतात. मातीत न्यायचं असेल तर मुळं दोन-तीन इंचांची असतानाच न्या.

बुंधा मऊ झाला असेल तर

खोडच मातीपाशी काळं, मऊ झालं असेल तर मुळं वाचवायच्या मागे लागू नका. वर चांगली वेल उरलीय तोवर कटिंग घ्या. या वेलीत जिबरेलिन या संप्रेरकाची कमतरता असते आणि म्हणून ती सहसा फुलत नाही, हे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे घरोघरचे मनीप्लांट कटिंगवरच चालत आलेत, आणि कटिंगवर ते खात्रीने येतात.

वेल आडवी ठेवून बघा: प्रत्येक पानाच्या विरुद्ध बाजूला पेरावर (खोडावर पान फुटतं त्या गाठीवर) तपकिरी उंचवटा असतो, हेच पुढचं मूळ. पेराच्या अर्धा इंच खाली तिरका काप द्या. काप कोरून बघा. आतला भाग तपकिरी दिसला तर आणखी वरचं पेर घ्या, कारण कुज खोडातून वर चढलेली असते. एका तुकड्यात एक किंवा दोन पेरं, एक पान पुरे. पेर नसलेल्या नुसत्या देठाला पाण्यात कधीकधी मुळं फुटतात, पण त्याची वेल होत नाही.

हातमोजे घाला किंवा नंतर हात धुवा. अळू ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे खाजतो त्याच या वेलीच्या रसात असतात. तुकडे मांजर किंवा रांगतं मूल पोचेल तिथं पडू देऊ नका, तोंडात गेले तर जीभ आणि घसा सुजतो.

तुकडे पाण्यात किंवा थेट ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये उजेडात ठेवा. उबदार हवेत दहा ते वीस दिवसांत मुळं दिसतात, जानेवारीच्या थंडीत महिना लागतो. मुळं दोन इंचांची झाली की वरच्या मिश्रणात सहा ते आठ तुकडे एकाच सहा इंची कुंडीत कडेकडेने लावा. एकच लांब वेल लावली तर कुंडी कायम उघडीच दिसते. निवडताना सोनेरी पट्टे ठळक असलेली पेरं घ्या, आणि खोडावर पिवळी रेघ त्या पेरापर्यंत आलीय ना हेही बघा, कारण नवा फुटवा त्याच पेरातून येणार.